निळ्या पट्ट्यांचे ठिगळ

शिपायाने साक्षीत एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. आरोपीची पाठ पांढरी होती. चौकीवर दगड मारून तो पळाला, तेव्हापासून गल्लीच्या तोंडापर्यंत चाळीस-पन्नास पावले ती पाठ आपल्या नजरेसमोरून हलली नाही. साफ पांढरा सदरा, त्यावर कसलीही खूण नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते टिपून घेतले. पिंजऱ्यात उभा असलेला वसंत परब खाली पाहत राहिला. मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईच्या, बकुळाबाईंच्या, उजव्या हाताची दोन बोटे मात्र नकळत एकमेकांवर घासू लागली, सुईत दोरा ओवण्यापूर्वी घासावीत तशी.

त्या दिवशी वसंताच्या अंगात जो सदरा होता, त्याची पाठ पांढरी नव्हती. दोन खांद्यांच्या मधोमध चांगले दीड वितीचे ठिगळ होते, आणि ते निळ्या पट्ट्यांचे होते. वसंताच्या बापाच्या जुन्या लेंग्यातून कापून बकुळाबाईंनीच ते लावले होते. आंधळा सोडला, तर कोणालाही ते रस्त्याच्या पलीकडून दिसले असते.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. छप्पन्न सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही ही बातमी आली आणि गिरगावापासून लालबागपर्यंत रस्ते पेटले. वसंत गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करी. त्या दुपारी छापखाना घाईने बंद झाला. वसंताचा चांगला सदरा खुंटीवरच राहिला आणि कामाच्या सदऱ्यावरच तो गल्लीबोळांतून लालबागला घरी पोचला. तिसऱ्या दिवशी त्या शिपायाने छापखान्याच्या दारात त्याच्याकडे बोट दाखवले. उंची तीच, अंगलट तीच, गल्ली तीच. जामीन मिळाला नाही. आता गुन्हा शाबीत झाला तर वर्षभराची सक्तमजुरी होती. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला पुन्हा कोणी छापखान्यात उभे करील, अशी आशाही कोणी दाखवत नव्हते.

एवढे असून बकुळाबाई बाकावरून उठल्या नाहीत, कारण तो सदरा आता या जगात नव्हता. तो त्यांनी आपल्या हाताने उसवला होता.

मालवणाजवळच्या ज्या वाडीत त्या जन्मल्या, तिथे विहीर टेकडीच्या पायथ्याशी होती, आणि एक घागर डोक्यावरून वर आणली की ती तीनदा वापरल्याशिवाय जमिनीला मिळत नसे. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या, तेव्हा नळ जिन्याखाली होता. पण घागरीचा हिशेब त्यांच्या मनातून गेला नाही. तांदळाचे धुवण तुळशीला, मासे धुतलेले पाणी गॅलरीतल्या कढीलिंबाला, अंघोळीचे पाणी मोरीतून सुटण्याआधी पोतेऱ्याला. शेगडीतली राख चाळून अर्धवट जळलेले कोळसे वेगळे निघत, उरलेल्या राखेने भांडी निघत, आणि कोळशाची भुकटी माती-शेणात कालवून तिचे गोळे गॅलरीच्या कठड्यावर वाळत बसत. नारळाच्या सोडणापासून करवंटीपर्यंत काहीही केरात जात नसे. त्यांचे यजमान कोंडीराम गिरणीत साचेखात्यात, मागावर, होते. ते शेजाऱ्यांना सांगत, “ही बाई मेल्यार आपली राख भांडी घासूक ठेवा म्हणान सांगतली.” चाळ हसे, बकुळाबाईही हसत, आणि राख चाळत.

कापडाचा नियम मात्र लढाईच्या वर्षांत झाला. तेव्हा कापडावर रेशन होते. दिवसभर गजांनी कापड विणणारा माणूस संध्याकाळी फाटक्या बंडीत घरी येई, आणि त्याच्या बायकोला धड लुगडे मिळत नसे. त्या वर्षी बकुळाबाईंनी घरात सांगून टाकले की या खोलीत आलेले कापड धागा होऊनच बाहेर जाईल. लुगड्याचे परकर, परकराची झबली, झबल्यांची गोधडी, गोधडीची चुंबळ, आणि अगदी शेवटी मोरीवरच्या फळीखालचे बोचके. त्या बोचक्यात डागाळलेल्या, कुजायला आलेल्या चिंध्या राहत. बोळे करायला, चूल पुसायला. मुलगी मालन हे सगळे न सांगता शिकली. कोंडीराम थट्टा करीत करीत शिकले. वसंत शिकला नाही. तो मॅट्रिक झाला होता, दिवसभर छापील अक्षरे हाताळत होता, आणि बापाच्या लेंग्याचा तुकडा पाठीवर वागवणे त्याला शरमेचे वाटे.

त्या पट्ट्यांवरून छापखान्यात त्याला ‘गादीवाला’ म्हणत. हरताळाच्या संध्याकाळी तो घामाने भिजून घरी आला, तेव्हा बाहेरच्या गोळीबारापेक्षा त्या शब्दानेच अधिक चिडलेला होता. सदरा काढून त्याने आईच्या पायाशी टाकला. “उद्या उघडो जाईन, पण हो सदरो घालूचंय नाय.”

बाहेर संचारबंदी होती. माणूस धड घरी आला होता. बकुळाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एका सदऱ्यासाठी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कात्री घेतली.

साक्ष संपली. वसंताच्या बाजूने उभ्या राहिलेल्या करंदीकर वकिलांनी उलटतपासणीसाठी शुक्रवार मागून घेतला. हे करंदीकर फणसवाडीत राहत आणि चळवळीत पकडलेल्यांचे खटले फी न घेता चालवत. ते ओट्यावर आले, तेव्हा बकुळाबाई खांबाशी उभ्या होत्या. बोलावे की नाही हे ठरत नव्हते. मोठा माणूस, त्याला काय सांगायचे, की तुमचा पुरावा मी फाडून बसले? मग त्यांची नजर वकिलांच्या काळ्या कोटावर गेली. छातीचा खिसा उजव्या बाजूला होता. शिंपी चुकलेला नव्हता. कोट बाहेरून विटला की तो उसवून आतली बाजू वर घेतात, तेव्हाच डावा खिसा उजवीकडे येतो. या माणसाच्या घरीही कोणीतरी कात्री जपून चालवत होते.

बकुळाबाई पुढे झाल्या आणि ठिगळाची हकिकत त्यांनी सांगितली.

करंदीकरांच्या चेहऱ्यावरचा थकवा क्षणात उतरला. “सदरा आहे ना घरात?”

“आहे. पण आठ तुकड्यांत आहे.”

वकिलांनी डोळे मिटले आणि सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ते ठिगळ जुने आहे, काल-परवा लावलेले नाही, हे कापडावरून कळेल असे काही आहे का. बकुळाबाईंना आठवले. दिवाळीच्या सुमारास छापखान्यातला शाईचा रूळ वसंताच्या पाठीला घासला होता. डाव्या खांद्यापासून निघालेला तो काळा पट्टा पांढऱ्यावरून सरळ ठिगळावर उतरला होता. राखेने घासला, रिठ्याने घासला, गेला नाही.

“मग दोन्ही तुकडे पाहिजेत,” करंदीकर म्हणाले. “डाग शिवणीवरून पलीकडे गेला, म्हणजे ठिगळ डागाच्या आधीचं. बाकीचेही आणा, सदरा पुरा दिसला पाहिजे. पण एक लक्षात ठेवा, एकही टाका घालायचा नाही. नवा दोरा दिसला की सरकारी वकील म्हणेल, कालच शिवलाय.”

बकुळाबाईंनी मान हलवली. तुकडे हातात असून शिवायचे नाहीत, ही आज्ञा त्यांना आजवर कोणी दिली नव्हती. वकिलांना आणखी एक माणूस हवा होता, ज्याने ते ठिगळ रोज पाहिले आहे. घरचा नको.

कैद्यांची गाडी यायची होती. हवालदाराने कोठडीच्या गजांशी दोन मिनिटे बोलू दिले.

“वकिलांका ठिगळाचा कित्याक सांगूक नाय?” त्यांनी वसंताला विचारले.

“त्यांनी इचारल्यानी सदरो कसो होतो. मी सांगितलंय, पांढरो.”

“पाठीमागसून कसो होतो?”

वसंत गजांकडे पाहू लागला. “आये, कोर्टात सगळे लोक येतत. चार लोकांत ता ठिगळ दाखवू नको.”

“वर्सभर आत रवाचा आसा तुका?”

हवालदाराने काठी जमिनीवर टेकवली, तेव्हा बकुळाबाईंनी शेवटचे विचारले, गादीवाला हे नाव कोणी ठेवले. वसंताने इतक्या हळू सांगितले की त्यांना ओठांवरून ओळखावे लागले. “कुशाबान. रूळ फिरवता तो.”

त्या संध्याकाळी आणि गुरुवारी दिवसभर त्या खोलीत एक सदरा गोळा होत होता. बटणे डब्यात होती. कॉलरचे चार पदरी फडके झाले होते, ते तव्याने करपले होते. एका बाहीत कुळीथ भरलेले होते. दुसरी शेजारच्या शांताला चहा गाळायला दिलेली होती. ती आणायला बकुळाबाई गेल्या, तेव्हा शांताने तांबूस झालेले फडके पिळून हातावर ठेवले आणि म्हणाली, “दिलेला दान परत घेतंस गे, वैनी?” कारण ऐकल्यावर मात्र तिने ते आपल्या चांगल्या पाण्यात खळबळून, झटकून दिले. पुढचे दोन भाग, पाठीचा उजवा भाग आणि खुद्द ठिगळ गोधडीत गेले होते. बकुळाबाई आणि मालन समोरासमोर बसून टाके काढू लागल्या. इतके बारीक टाके घातल्याबद्दल त्या दिवशी त्यांना प्रथमच स्वतःचा राग आला.

एवढे करून सात तुकडे झाले. आठवा मिळेना. डाव्या खांद्याचा, डागाचा उगम जिथे होता तोच. डागाळलेला म्हणून तो थेट शेवटच्या बोचक्यात गेला होता, आणि बोचक्यात नव्हता. बोचके तीनदा उपसले.

मालनने मान वर न करता सुचवले की पांढरे दुसरे कापड घ्यावे, छापखान्याची शाई मागून आणावी आणि डाग जुळवावा. बकुळाबाईंनी ठिगळ मांडीवर घेऊन डागाच्या कडेवरून बोट फिरवले. विचार त्यांच्याही मनात येऊन गेला असावा.

“डाग जुळात,” त्या म्हणाल्या. “झीज जुळाची नाय.”

दुपारी दोघी ट्रामने गिरगावात गेल्या. छापखान्याच्या मागच्या दाराशी कुशाबा हात पुसत आला. सातारकडचा थोराड माणूस, पण डोळे जमिनीवर. मालकांनी बजावले होते की कोर्टाच्या पायरीला कोणी शिवायचे नाही. बकुळाबाईंनी त्याला विनवले नाही. शुक्रवार, अकरा वाजता, एवढे सांगितले. तो म्हणाला, “बघतो.” त्या एका शब्दात जेवढी आशा मावते तेवढी घेऊन त्या परतल्या.

यातले काहीच त्यांनी कोंडीरामांना सांगितले नव्हते. मुलगा आत गेल्यापासून ते बोलत नव्हते. गिरणीतून येत, भिंतीकडे तोंड करून बसत. सदरा आपल्या कात्रीने गेला हे ऐकून ते काय म्हणतील, याची बकुळाबाईंना भीती वाटत होती. बाई संसारात कोणाला भ्यायली नाही, ती या वेळी नवऱ्याला भ्यायली, आणि त्या भीतीने जवळजवळ सगळे घालवले.

शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता त्यांनी सातही तुकडे जमिनीवर सदऱ्याच्या आकारात मांडले, मग चटईत गुंडाळून न्यायला. डाव्या खांद्याच्या जागी फरशी दिसत होती. पट्ट्यांच्या ठिगळावर काळा डाग अर्धाच उभा होता, कुठून आला हे न सांगणारा. कोंडीराम पहिल्या पाळीला गेले नव्हते. कोर्टात यायचे म्हणून रजा घेतली होती. बंडी घालता घालता ते थांबले आणि त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले.

“हंयचो तुकडो खंय?”

बकुळाबाईंना सांगावेच लागले. त्यांनी सगळे सांगितले, कात्रीपासून. कोंडीराम रागावले नाहीत. त्यांनी मोरीकडे पाहिले.

“काळो डाग होतो तो? तो मी पिंपाक घातलंय.”

महिन्यापूर्वी मोरीतले लोखंडी पिंप तळाशी गंजून गळू लागले होते. कोंडीरामांनी भोकाला बोळा मारून त्यावर मेण आणि चुना लावला होता. बायकोचे चांगले कापड जाऊ नये म्हणून त्यांनी आठवणीने शेवटच्या बोचक्यातली सगळ्यात वाईट चिंधी निवडली होती. बारा वर्षांत त्यांनी तिचा नियम तिला न विचारता पाळला, तो असा.

पिंप काठोकाठ भरलेले होते. नळ सातला गेला होता, आता पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे. काढून ठेवावे म्हटले तर घरात एक भांडे रिकामे नव्हते. कळशी, हंडा, तपेली, पातेली, सगळी पहाटेच भरून ठेवायची ही त्याच घराची शिस्त. करंदीकरांनी साडेदहाला बोलावले होते, आणि ट्रामचा भरवसा नव्हता.

मालन शेजाऱ्यांकडे भांडी मागायला वळली. बकुळाबाईंनी तिला हाताने थांबवले. मोरीत उकिडवे बसून त्यांनी सुरीच्या टोकाने चुना खरवडला, मेण सोलले, आणि चिंधीचे टोक बोटात धरून जपून, न फाटेल अशा बेताने, ती हळूहळू बाहेर ओढली.

पाणी मनगटाएवढ्या धारेने उसळले. मोरी तुंबली, उंबरठ्यावरून गॅलरीत गेले, कठड्याखालून खालच्या अंगणात पडू लागले. खालून कोणीतरी ओरडले. शांता दारात येऊन उभी राहिली. ज्या बाईने मासे धुतलेले पाणी कधी सांडू दिले नव्हते, ती लुगडे गुडघ्यापर्यंत भिजवून स्वच्छ पाण्यात बसली होती आणि तिची पाठ पाण्याकडे होती. ती एक काळी-पांढरी चिंधी तळहातावर पसरून उजेडाकडे धरत होती. कापड कुजायला आले होते. शाई तेलाची, ती जशीच्या तशी होती.

कोंडीरामांनी ओला तुकडा खांद्याच्या जागी ठेवला. पट्टा जुळला.

कोर्टात करंदीकरांनी आधी शिपायाकडून पुन्हा तेच वदवून घेतले. साफ पांढरी पाठ, चाळीस-पन्नास पावले, कसलीही खूण नाही. मग त्यांनी टेबलावर चटई उलगडली. आठ तुकडे, आठ रंगांचे. एक करपलेला, एक चहाने तांबडा, एक ओला. सरकारी वकील हसून म्हणाले की यांच्या घरचे बोचके कोर्टापुढे आणण्याचे प्रयोजन कळत नाही. मॅजिस्ट्रेटसाहेब हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने खांद्याचा तुकडा ठिगळाला भिडवून पाहिला आणि बाजूला केला. मग पुन्हा भिडवला.

पण हा सदरा याच आरोपीचा कशावरून, हा प्रश्न आलाच. करंदीकरांनी दाराकडे पाहिले. बकुळाबाईंनी पाहिले नाही. चपला फरशीवर वाजल्या तेव्हा त्यांना कळले.

कुशाबा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हात जोडून उभा राहिला. सदरा ओळखतो का, असे विचारल्यावर तो म्हणाला, “वळखतो की. हा डाग माझ्याच रुळाचा हाय. आन् ह्या पट्ट्यांवरनं मीच त्याला गादीवाला म्हणायचो, साहेब. पाठीला गादी बांधून हिंडतोय, जिथं दमंल तिथं आडवा व्हईल. रोज म्हणायचो. दंग्याच्या दिवशीबी म्हणालो, त्यावरनं भांडान झालं आमचं.”

कोर्ट हसले. मागच्या बाकांवर बसलेले लोक हसले, शिपाईसुद्धा हसू दाबू लागला आणि मग त्याच्या लक्षात आले की आपण कशाला हसतो आहोत. बकुळाबाई मुलाकडे पाहत होत्या. त्याचे कान लाल झाले होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्यालाच विचारले, सदरा तुझा का, आणि वकिलांना तू हे आधी का सांगितले नाहीस.

वसंताने पहिल्यांदा मान वर केली. “माझा आहे. आईने ठिगळ लावलं होतं. मला लाज वाटत होती.”

हसू थांबले.

संशयाचा फायदा देऊन त्याला सोडल्याचा हुकूम चारच्या सुमारास झाला. कागदांवर सह्या होत असताना बकुळाबाई कारकुनाच्या टेबलाशी गेल्या आणि तुकडे कधी परत मिळतील, असे त्यांनी विचारले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. ते आता कागदपत्रांबरोबर राहतील, असे तो म्हणाला. बकुळाबाईंनी त्या चटईकडे एकदा पाहून घेतले. धागा न होता चाळीबाहेर राहिलेले ते पहिलेच कापड.

घरी पोचल्यावर वसंत मोरीत गेला, आणि रिकाम्या पिंपाच्या तळाशी आरपार उजेड दिसला. काय झाले ते त्याला मालनने सांगितले. त्याने वाकून त्या भोकात बोट घालून पाहिले. मग पाच आठवडे अंगात असलेला सदरा त्याने काढला. त्याचे एक कोपर पार गेले होते. तो त्याने आईपुढे धरला, या खेपेला पायाशी टाकला नाही.

“ह्येचो बोळो होयत काय, आये?”

बकुळाबाईंनी सदरा दाराशी नेऊन उजेडात धरला. दोन्ही बाह्या ताणून पाहिल्या, कोपराचे भोक वितीने मापले. “बोळो कित्याक? अजून दोन वर्सां अंगात जायत.” त्यांनी ट्रंक उघडली आणि चिंध्यांची गाठ सोडली. बापाच्या लेंग्याचा उरलेला तुकडा वरच होता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि खालून पांढरा शोधू लागल्या. मग थांबून विचारले, कोणता लावू.

वसंत मोरीच्या उंबरठ्यावर बसला होता, उघडा. त्याने दोन्ही तुकडे हातात घेऊन चोळून पाहिले, आई पाही तसे.

“जो टिकात तो लाव,” तो म्हणाला.